ओटीपी एकीचा, फोन दुसऱ्याचा : देवगड किनाऱ्यावरच्या एका वाडीचं प्रकरण

२०२५ साली गणपती २७ ऑगस्टला बसले आणि अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला आली. त्यानंतर देवगड तालुक्यातल्या किनाऱ्याकडच्या वाड्या नेहमीप्रमाणे रिकाम्या झाल्या, चाकरमानी मुंबईला परतले. १८ सप्टेंबरला शासन निर्णय निघाला : ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेचे महिना १,५०० रुपये पुढे चालू राहायचे असतील तर प्रत्येक लाभार्थी बाईने दोन महिन्यांत ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ऑनलाइन ओळख पडताळणी, करावी. त्यासाठी एक ओटीपी तिच्या आधारशी जोडलेल्या मोबाईलवर येणार आणि दुसरा तिच्या नवऱ्याच्या मोबाईलवर, लग्न झालेलं नसेल तर वडिलांच्या. हाच निर्णय तीन आठवडे आधी निघता तर या वाडीतले बहुतेक नवरे घरच्या पडवीत गणपतीच्या आरतीला सापडले असते.

पुढे जे घडलं त्याची ही नोंद. बचत गटांच्या प्रशिक्षणाच्या निमित्ताने मी या पट्ट्यात ये-जा करते आणि यातल्या बहुतेक जणींशी सविस्तर बोलले आहे. गावाचं आणि माणसांचं नाव इथे नाही. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. फोन-इंटरनेट वापरण्याची समान संधी आणि त्यावरचं जबाबदार वर्तन असे दोन वेगवेगळे धडे आम्ही प्रशिक्षणात शिकवतो. या वाडीत पहिला धडा कच्चा असल्यामुळेच दुसऱ्याचा बोजवारा कसा उडाला, ते मला मांडायचं आहे.

वाडी आणि तिचे फोन

वाडी खाडीच्या अंगाला, सड्याच्या म्हणजे कातळाच्या पठाराच्या पायथ्याशी. टॉवर सड्याच्या पलीकडे, आणि मध्ये कातळाची कड. त्यामुळे एका कंपनीची रेंज देवळामागच्या चौथऱ्यावर मिळते, दुसरीची थेट वर एसटीच्या थांब्यापाशी. घरात कॉल लागला तर लागला, नेट चालत नाही. पावसाळ्यात लाईट दोन दिवस गेली की टॉवरची बॅटरीही मान टाकते. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं, तेव्हा मुंबईतल्या मुलांना आपले आईबाप जिवंत आहेत हे कळायला किती वेळ लागला, ते इथे अजून सांगतात.

घरटी एखादा स्मार्टफोन आहे. पण तो घरात असतोच असं नाही. नवऱ्याबरोबर मुंबईला असतो, ट्रॉलरवर असतो, नाहीतर कॉलेजला जाणाऱ्या मुलाच्या खिशात. बाईकडे बटणांचा फोन, आणि पुष्कळदा त्यातलं सिम मेलेलं. ही सिम मरण्याची गोष्ट शहरातल्या माणसाला चटकन कळत नाही. जुलै २०२४ मध्ये सगळ्याच मोठ्या कंपन्यांनी रिचार्जचे दर वाढवले. घरात दोन रिचार्ज परवडत नाहीत म्हटल्यावर कुणाचा बंद होतो हे विचारायला नको. रिचार्ज संपला की आधी बाहेर जाणारे कॉल थांबतात, मग येणारे, आणि नव्वद दिवस काहीच वापर नसेल तर कंपनी तो नंबर बंद करू शकते. नंतर तो दुसऱ्या कुणाला दिला जातो. आधार काढताना दिलेला नंबर असा हातचा गेलेल्या बायका या वाडीत बऱ्याच होत्या. त्यांचा ओटीपी जातच होता, पण कुठल्या गावच्या कुणाच्या फोनवर ते कोण सांगणार?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) कधीतरी इंटरनेट वापरलेल्या बायकांचं देशातलं प्रमाण ३३.३ टक्के निघालं, पुरुषांचं ५७.१ टक्के. त्यानंतर फोन वाढले, हे खरंच. मात्र फोन घरात येणं, तो आपल्या हातात असणं, त्यातला नंबर चालू असणं आणि बसल्या जागी रेंज असणं या चार गोष्टी एकत्र येतील तेव्हाच आधारचा ओटीपी त्याच्या दहा मिनिटांच्या मुदतीत कामाला येतो.

बायने काम हातात घेतलं

वाडीतली एक मुलगी देवगडला कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. तिला इथे नुसतं ‘बाय’ म्हणू. तिच्याकडे बरा फोन, नेटपॅक आणि इंग्रजी वाचायची सवय. तिने आधी आईची केवायसी केली, मग शेजारच्या वयनीची, आणि तिसऱ्या दिवशी अंगणात रांग. “बाय गो, आमचा पण करून दी” याला नाही म्हणणं वाडीत राहून जमत नाही.

तालुक्याच्या ठिकाणी सेतू होता, पण तिथे जायचं म्हणजे एसटीचं भाडं, अर्धा दिवस आणि बुडालेली रोजंदारी. शिवाय सेतूत बसल्या बसल्या मुंबईचा फोन लागला नाही की परत फेरा. बायकडे मात्र वाडीतच काम होत होतं, तेही फुकट.

तिने काम सोपं व्हावं म्हणून वाडीच्या बचत गटांचा जो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता त्यावर लिहिलं : प्रत्येकीने आपल्या आणि नवऱ्याच्या आधारचा फोटो टाकावा. दोन दिवसांत ग्रुप आधार कार्डांनी भरला. या ग्रुपमध्ये बायकाच होत्या असं नाही. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांच्या जागी मुलगा, दीर, मुंबईतला नवरा असे नंबर जोडलेले होते. म्हणजे वाडीतल्या घराघरांची आधार कार्डं देवगडपासून नालासोपाऱ्यापर्यंतच्या फोनांमध्ये पोचली, आणि फोटो आपोआप गॅलरीत उतरण्याची सोय बहुतेक फोनांत सुरूच असते, त्यामुळे ती तिथे राहिलीसुद्धा.

संध्याकाळी बाय थांब्यावर जाऊन बसायची. एकेकीचा नंबर भरायचा, ओटीपी मागवायचा, बाईने खालून किंवा बाजूने ओरडून सांगायचा. मग नवऱ्याचा. “ह्यांचो फोन लागना नाय” हे त्या दिवसांतलं सर्वांत जास्त ऐकलेलं वाक्य. कुणी लोकलमध्ये, कुणी वॉचमनच्या ड्युटीवर, कुणी फोन लॉकरमध्ये ठेवून कंपनीत. लागला की तो घाईत सहा आकडे वाचायचा आणि ठेवायचा. दिवसा संकेतस्थळ अडकत असे, म्हणून रात्री उशिरापर्यंत हे चाले. बायच्या सत्राच्या परीक्षा तोंडावर होत्या, हे कुणी विचारलं नाही. आणि ट्रॉलरवर गेलेल्यांचं तर काही करताच येत नव्हतं. खोल समुद्रात ना रेंज ना दहा मिनिटांची मुदत पाळण्याची सोय. एका वयनीने शेवटी बोट लागायच्या वेळी बायला घेऊन देवगड बंदर गाठलं आणि बर्फाच्या पेट्यांच्या आडोशाला उभं राहून नवऱ्याचा ओटीपी घेतला.

तेवढ्यात मुंबईहून एक मेसेज ग्रुपवर आला. योजनेचं चित्र, खाली लिंक, आणि ‘ही साईट लगेच चालते’. पाठवणारा वाडीतलाच एक भाऊ, विरारला राहणारा, मदत करायच्या इराद्याने. मेसेजवर दोन बाणांची खूण होती. व्हॉट्सअ‍ॅप ही खूण अनेक हातांतून फिरून आलेल्या मेसेजला लावतं, आणि एप्रिल २०२० पासून असा मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पुढे पाठवता येतो. पण ती खूण ‘सावध राहा’ असं सांगते, हे ग्रुपमध्ये कुणाला माहीतच नव्हतं. उलट इतक्या जणांनी पाठवलाय म्हणजे खराच असणार, असा हिशोब झाला.

गटाच्या कोषाध्यक्ष असलेल्या काकींनी तो मेसेज दहावीतल्या मुलाला दाखवला. बायवर आणखी भार नको, घरातच होतंय तर करू, असा त्यांचा विचार. मुलाने लिंक उघडली, आधार नंबर भरला, मग ‘पैसे कोणत्या खात्यात हवेत’ म्हणून खातं, एटीएम कार्डावरचे आकडे, आणि शेवटी आलेला ओटीपी. खरी केवायसी बँकेचं खातं विचारतच नाही. पैसे आधार जोडलेल्या खात्यात जातात. हे ठाऊक असतं तर तिथेच थांबता आलं असतं. काकींच्या खात्यात त्या आठवड्यात गोळा झालेले गटाच्या कर्जहप्त्याचे पैसे होते. ते गेले. बँकेचा मेसेज मुलाने वाचला, घाबरला आणि दोन दिवस कुणाला बोलला नाही.

चोर सोडून संन्याशाला

हप्ता भरायला काकी बँकेत गेल्या तेव्हा उलगडा झाला. तिथल्या कर्मचाऱ्याने १९३० या सायबर हेल्पलाईनवर फोन लावून दिला, पोर्टलवर तक्रार नोंदवून घेतली. ही व्यवस्था चालते ती वेगावर : पैसे चोरांच्या एका खात्यातून दुसऱ्यात फिरत असतात तोवर ते गोठवता येतात. दोन दिवसांत ते बाहेर निघून गेलेले असतात. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे ग्राहकाने स्वतः ओटीपी किंवा पिन दुसऱ्याला दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्यालाच सोसावं लागतं. काकींना बँकेत हेच सांगण्यात आलं. हे लिहीपर्यंत पैसे परत आलेले नाहीत.

संध्याकाळपर्यंत वाडीत निकाल लागला होता. गेले पंधरा दिवस सगळ्यांचे ओटीपी कोण घेतंय? बाय. “पैशे तिनाच काढल्यान.” काकी स्वतः असं म्हणाल्या नव्हत्या, पण मुलाने लिंकचं काही सांगितलं नव्हतं आणि त्यांनाही आधारचा ओटीपी आणि बँकेचा ओटीपी वेगळे असतात याची कल्पना नव्हती. रात्री वाडीतल्या एका तरुणाने बायचा गणपतीतला फोटो उचलून स्टेटसला लावला, वर लिहिलं ‘ओटीपी चोर, सावधान’. स्टेटस चोवीस तासांत जातो, स्क्रीनशॉट जात नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तो मुंबईच्या ग्रामस्थ मंडळाच्या ग्रुपवर होता, आणि बायच्या मामाचा डोंबिवलीहून फोन आला होता.

बायने ग्रुप सोडला, फोन बंद केला, आठवडाभर कॉलेजला गेली नाही. ज्यांची केवायसी राहिली होती त्यांची राहूनच गेली. तिच्या आईशी पाणवठ्यावर बोलणं बंद झालं.

मला या प्रकरणात सर्वांत जास्त सलतं ते हे. पैशांची चोरी बाहेरच्या अनोळखी टोळीने केली, ते समजून घेता येतं. स्टेटस लावणारा मुलगा मात्र बायबरोबर एकाच एसटीने शाळेत गेलेला. तिला एक फोन करून विचारायला त्याला रेंजसुद्धा लागली नसती, चार घरं चालत जायचं होतं.

बायच्या वडिलांना पोलिसांत जायचं होतं. वाडीतल्या एका जाणत्या आबांनी ‘६६ अ लावा’ असा सल्ला दिला. माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ते कलम आता नाही, आणि नाही हे बरंच आहे. याच कोकण किनाऱ्याच्या उत्तर टोकाला, पालघरमध्ये, नोव्हेंबर २०१२ मध्ये फेसबुकवरच्या एका साध्या पोस्टवरून दोन तरुणींना त्या कलमाखाली अटक झाली होती. त्यावरून उभा राहिलेला श्रेया सिंघल खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २४ मार्च २०१५ रोजी कलम रद्द झालं. बदनामीसाठी भारतीय न्याय संहितेचं ३५६ कलम आहे, पण त्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागते. बायला ते नको होतं. तिचं म्हणणं एवढंच, की जिथे लिहिलं तिथेच पुसा.

अंगणवाडीतली बैठक

बैठक गटाच्या सीआरपी ताईंनी, म्हणजे बचत गटांना मदत करणाऱ्या कार्यकर्तीने, बोलावली. पोलीस पाटील, अंगणवाडी ताई, बायचे आईवडील, काकी आणि त्यांचा मुलगा. ताईंनी एक चांगलं केलं : कुणी काय केलं हे न विचारता फोन समोर ठेवायला सांगितले. काकींच्या मुलाच्या फोनवर ब्राउझरच्या इतिहासात त्या रात्रीचा पत्ता निघाला. बँकेच्या मेसेजची वेळ त्याला जुळली. मग मुलानेच रडत रडत बाकीचं सांगितलं.

त्यानंतर ताईंनी दोन मेसेज शेजारी ठेवून वाचून दाखवले. एक आधारचा, एक बँकेचा. आधारच्या ओटीपीने ओळख पटते, त्याने बँकेतून पैसे हलत नाहीत. बँकेच्या मेसेजात रक्कम लिहिलेली असते. बैठकीतल्या अर्ध्याअधिक बायका हे पहिल्यांदा ऐकत होत्या, आणि याचं कारण फार साधं होतं : त्यांनी ओटीपीचा मेसेज कधी पूर्ण पाहिलाच नव्हता. फोनवरून वाडीत येतात ते फक्त सहा आकडे. कुणी पाठवला, कशासाठी आहे, कुणाला सांगू नका ही सगळी वाक्यं मुंबईतच राहतात. सावधगिरीची सूचना ज्या फोनवर उमटते तो फोन ज्याच्या हातात आहे त्याचं काही जात नाही, आणि जिचं जातं तिच्यापर्यंत सूचना पोचत नाही.

‘ओटीपी कुणालाही सांगू नका’ हा सल्ला म्हणूनच मला अपुरा वाटतो. तो स्वतःचा फोन, स्वतःचा चालू नंबर आणि वाचता येणारा मेसेज असलेल्या माणसासाठी लिहिलेला आहे. इथे तर सरकारी प्रक्रियेतच दुसऱ्याचा ओटीपी मागून घ्यायचा होता. नवऱ्याने बायकोला सांगितल्याशिवाय ती पूर्णच होत नव्हती. एका हाताने सांगू नका म्हणायचं आणि दुसऱ्या हाताने सांगितल्याशिवाय चालणार नाही अशी पद्धत घालून द्यायची, मग बाईने कोणतं ऐकावं?

पत्ता तपासा, हाही तसाच सल्ला. खरा सरकारी पत्ता शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ने संपतो, आणि पत्ता शेवटाकडून वाचायचा, हे शिकवायला सोपं आहे. पण काकी मला म्हणाल्या, “माका वाचूक येता, पण ता इंग्लिश कसा वाचू?” त्यांनी मराठी सातवीपर्यंत शिकलंय, गटाचा हिशोब पै न् पै चोख असतो. देवनागरीतली ‘डॉट भारत’ ही सोय २७ ऑगस्ट २०१४ पासून आहे. तरी जिथे जाऊन केवायसी करायची तो पत्ता रोमन लिपीत. केवायसीतलं घोषणापत्रही असं, की ‘कुटुंबात कुणी सरकारी नोकरीत नाही’ अशा नकारार्थी विधानापुढे होय की नाही निवडायचं. ‘नाही’ म्हणजे नोकरीत नाही, अशा समजुतीने चुकीचं बटण दाबलं गेल्याच्या तक्रारी पुढे राज्यभरातून आल्या.

दहावीतल्या मुलाबद्दल बैठकीत बरंच बोललं गेलं. ‘दिवसभर फोनवर असतो आणि एवढंसुद्धा कळत नाही?’ कळत नाही, यात नवल नाही. ‘असर’ या शिक्षणविषयक सर्वेक्षणाच्या २०२४ च्या ग्रामीण पाहणीत १४ ते १६ वयाच्या ८२.२ टक्के मुलामुलींना स्मार्टफोन वापरता येत होता. समाजमाध्यमं वापरणाऱ्यांपैकी प्रोफाईल ब्लॉक किंवा रिपोर्ट करता येणारे ६२ टक्के होते. त्यांना शिकवतं कोण? फोन चालवणं आणि फोनवरचं खरंखोटं ओळखणं ही दोन कामं आहेत, आणि घरातली मोठी माणसं पहिलं येतंय म्हणून दुसरंही त्याच्यावर टाकतात. त्याच पाहणीत वापरता येणाऱ्यांमध्ये स्वतःचा फोन असलेले मुलगे ३६.२ टक्के आणि मुली २६.९ टक्के निघाल्या. बायसारख्या मुलीकडे वाडीची रांग लागते त्यामागचं हे गणित आहे : घरी असणारी, शिकलेली, शिवाय फोनवाली मुलगी दुर्मीळ असते.

काही सहकाऱ्यांचं म्हणणं, सगळा घोळ बायच्या पद्धतीचा. ग्रुपवर आधार मागायला नको होती. हे बरोबर आहे. आधार कायदा (२०१६) २९ व्या कलमात आधार क्रमांक जाहीरपणे मांडायला मनाई करतो. घरगुती ग्रुप म्हणजे ‘जाहीर’ का, यावर वकील वाद घालतील, पण ज्या ग्रुपमध्ये कोण आहे हे अ‍ॅडमिनलाही नीट ठाऊक नाही तो घरगुती राहत नाही. तरी मी बायला दोषी धरणार नाही. सेतूत गेलं तर पावती मिळते, काम कुणी केलं त्याची नोंद राहते. बायकडे ना पावती, ना वही, ना मोबदला, ना कुणाचं लेखी सांगणं. म्हणून पैसे गेले तेव्हा ती निर्दोष आहे हे दाखवायला तिच्या हातात काहीच नव्हतं. सरकारी कामाचा भार एका वीस वर्षांच्या मुलीच्या नेटपॅकवर पडला होता.

वही, आठ ते नऊ, आणि पोस्टमन

बैठकीनंतर जे ठरलं ते कुठल्या पुस्तकातलं नाही. ग्रुपची सेटिंग बदलली. आता मेसेज फक्त दोन अ‍ॅडमिन टाकतात, आणि लिंक आली तर ताईंनी बघितल्याशिवाय कुणी उघडत नाही. आधारचे फोटो पुसण्यासाठी बायका दोन संध्याकाळी बसल्या. ग्रुपमधून पुसले तरी गॅलरीत उरतात, गॅलरीतून पुसले तरी कचरापेटीत उरतात, गुगल फोटोजमध्ये बॅकअप असेल तर तिथल्या कचरापेटीत साठ दिवस. वाडीतल्या फोनांचं झालं. मुंबईतल्या फोनांचं ‘पुसले’ असं सांगण्यात आलं, यावर विश्वास ठेवण्यापलीकडे उपाय नव्हता.

केवायसी पुन्हा सुरू झाली ती अंगणवाडीत वही ठेवून. तारीख, नाव, मदत कोणी केली, काम झालं की अडलं, बाईची सही किंवा अंगठा. आधार नंबर वहीत लिहायचा नाही. कार्ड बाईच्या हातातच राहणार, आकडे मदतनीस बघून भरणार, ओटीपी मात्र बाईने स्वतःच्या बोटाने टाकायचा. यातला मला सर्वांत आवडलेला नियम आबांच्या सुनेने सुचवला : नवऱ्याने आकडे सांगण्याआधी मेसेज पहिल्यापासून वाचायचा, कुणाचा आहे आणि कशासाठी आहे ते. मुंबईकर वैतागले. एकाने “माका टायम नाय” म्हणून फोन ठेवला, तर वयनीने परत लावला आणि म्हणाली, “आमी काय फोन घेवन जन्माक इलंव? वाचा.” त्याने वाचला. वेळ रात्री आठ ते नऊ, ड्युटी सुटलेली असते म्हणून.

मेलेल्या सिमवाल्यांसाठी पोस्टाची मदत झाली. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेमार्फत पोस्टमनकडून आधारला मोबाईल नंबर जोडून घेण्याची सोय जुलै २०२१ पासून आहे, हे वाडीत कुणाला माहीत नव्हतं. आधार केंद्रात हेच काम १ ऑक्टोबर २०२५ पासून ७५ रुपयांना होतं, वर भाडं. पण नवा नंबर जोडला तरी त्याचा रिचार्ज चालू कोण ठेवणार, हा प्रश्न राहतोच. गटाने यावर वाद घालून असं ठरवलं, की ज्या बाईच्या नावाने गटाचे व्यवहार आहेत तिचं सिम गटाच्या खर्चाने चालू राहील. बाकीच्यांचं नाही. हे न्याय्य आहे असं मला वाटत नाही, पण गटाच्या पेटीत किती आहे ते मलाही दिसतं.

स्टेटस लावणाऱ्या तरुणाने माफी मागितली. आधी तो बायच्या घरी येऊन तोंडी मागायला तयार होता. बाय अडून बसली : मुंबईच्या मंडळाच्या ग्रुपवर लिही, आणि स्टेटसलाही लाव. दोन दिवस त्याने टाळलं, मग लावलं. चोरीचं स्टेटस जितक्या जणांनी पुढे पाठवलं तितक्यांनी माफीचं पाठवलं नाही. बाय आता मदतीला बसत नाही. तिने दोघींना शिकवून दिलं, एवढंच. त्यातल्या एकीकडे स्वतःचा फोन नाही, पण वही तिच्याइतकी नीट कुणी ठेवत नाही.

काकींच्या खात्यातून गेलेला हप्ता गटाने आपसात वाटून भरला, पुढच्या बचतीतून तो वळता होतो आहे. काहींनी नाराजीने दिला. काकींनी कोषाध्यक्षपद सोडायची तयारी दाखवली, ते कुणी मान्य केलं नाही.

जे अजून सुटलेलं नाही

नवरा आणि वडील दोघेही नसलेल्या बायकांचा दुसरा ओटीपी येणार कुठून? नोव्हेंबरमध्ये मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढली तेव्हा अशांनी स्वतःची केवायसी करून मृत्यू दाखला किंवा घटस्फोटाची कागदपत्रं अंगणवाडी ताईकडे द्यावीत अशी वाट काढली गेली. पण नवरा आहे आणि सोडून गेलेला आहे, अशा दोघी या वाडीत आहेत. त्यांच्याकडे दाखला कशाचा असणार? नांदत नसलेल्या नवऱ्याकडे ओटीपी मागायला जाणं एकीने साफ नाकारलं. दुसरीने मागितला; त्याने काय अट घातली ते तिने मला सांगितलं, इथे लिहिण्यासारखं नाही.

केरळ उच्च न्यायालयाने १९ सप्टेंबर २०१९ रोजी, वसतिगृहातल्या एका विद्यार्थिनीच्या मोबाईलबंदीच्या प्रकरणात, इंटरनेट मिळणं हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग मानला. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आणखी पुढे जाऊन डिजिटल सेवा सर्वांना वापरता येणं जगण्याच्या हक्कात, म्हणजे २१ व्या अनुच्छेदात, बसवलं. ते प्रकरण अ‍ॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या बायकांचं : केवायसीत डोळे मिचकावून दाखवा म्हणतात, आणि त्यांना ते शक्य नाही. या दोघींची अडचण वेगळ्या कारणाने तीच आहे. यंत्रणेने एक पुरावा मागितला आहे जो देणं त्यांच्या हातात नाही.

शासन निर्णयाप्रमाणे यापुढे केवायसी दरवर्षी जूनपासून दोन महिन्यांत करायची आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, म्हणजे ट्रॉलरवरचे नवरे घरी असतील. मुंबईवाले मात्र मे संपता संपता परतलेले असतील, आणि पावसात टॉवरचा भरवसा नाही. म्हणून गटाच्या बैठकीत असं ठरलं आहे, की चाकरमानी आंब्याच्या दिवसांत गावी येतील तेव्हाच प्रत्येकाच्या आधारला जोडलेला नंबर चालू आहे का ते तपासायचं, बंद असेल तर पोस्टमनला बोलवायचं, आणि जूनचा पहिला आठवडा बोटीवरच्या घरांसाठी राखून ठेवायचा. आठ ते नऊची वेळ तीच राहील.